टप्पा, सरनामा आणि पत्ता

बदलापूर या नांवाची एक व्युत्पत्ति त्या गांवांत आजहि सांगतात. कोंकणांतून घाटाकडे व घाटावरून कल्याणाकडे जाणारे स्वार येथें दमलेले घोडे बदलीत. घोडे बदलण्याचें ठिकाण म्हणून बदलापूर. अशा आख्यायिकांकडे संशयानें पाहावें हेंच योग्य. गांवाचें नांव आधीं पडतें आणि त्याची कथा मागाहून जुळविली जाते, हा महाराष्ट्रांतील शेंकडों गांवांचा अनुभव आहे. पण आख्यायिका खोटी ठरली तरी तिच्यांतील व्यवहार खोटा ठरत नाहीं. एकाच घोड्यानें सगळी वाट तोडावयाची नाहीं, ठराविक अंतरावर ताजा घोडा तयार ठेवावयाचा, स्वार बदलला तरी थैली बदलूं द्यावयाची नाहीं, ही दूरच्या निरोपाची फार जुनी युक्ति होय. संगणकांच्या जाळ्यांतून आज जी निरोपांची देवघेव चालते ती याच युक्तीवर उभी आहे, आणि तिच्याविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

हल्लीं शाळा-कॉलेजांतील मुलांस पॅकेट, राउटर, प्रोटोकॉल, हॉप, ॲड्रेस, बँडविड्थ असे शब्द पाठ करावे लागतात. व्याख्या तोंडपाठ आणि अर्थ कोरा, असें त्यांत पुष्कळदां घडतें. हे शब्द कोणा यंत्रविशारदानें शून्यांतून निर्माण केले, तेव्हां त्यांचा आपल्या पूर्वव्यवहाराशीं संबंध नाहीं, ही समजूत या कोरेपणाच्या मुळाशीं आहे. वस्तुतः यांतील बरेच शब्द इंग्रजींतहि टपाल, दरबार व दळणवळण यांच्या व्यवहारांतून उसने घेतलेले आहेत. त्यांचा अर्थ समजून घेण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाहीं. कल्याण जंक्शनापासून कर्जतच्या रोखानें चार स्थानकें गेलें तरी पुरे.

बदलापूरच्या घोड्यापासूनच आरंभ करूं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हिंदुस्थानांत आला तेव्हां येथील टपालाची शिस्त त्यानें आवर्जून लिहून ठेविली. घोड्यांच्या टपालाची चौकी दर चार मैलांवर आणि पायीं धांवणाऱ्यांची एका मैलांत तीन ठिकाणीं, असें तो सांगतो. धांवणाऱ्याच्या हातीं घुंगरांची काठी असे. तिचा आवाज कानीं पडतांच पुढच्या चौकीवरील मनुष्य कंबर बांधून उभा राही. संगणकाच्या तारेवरहि खरा मजकूर येण्यापूर्वीं एक-शून्य, एक-शून्य अशी एक निरर्थक लय वाजविण्याची पद्धति आहे. ऐकणाऱ्या यंत्रानें सावध व्हावें, एवढाच तिचा हेतु. ती या घुंगरांचीच बहीण म्हणावयाची.

आतां चौकीपासून चौकीपर्यंतच्या अंतरास आपण काय म्हणतों तें पाहा. चेंडू जमिनीवर आपटून उसळतो तो टप्पा, आणि प्रवासांत एका दमांत गांठावयाचें अंतर तोहि टप्पाच. जाळ्यांतील एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतच्या मजलेस इंग्रजींत 'हॉप' म्हणतात. त्यांतहि उडीचाच भाव आहे. मराठीनें येथें नवा शब्द घडविण्याचें कारणच नव्हतें, तो घरांत होता. टपाल हा शब्द टप्प्यावरून आला कीं काय, याविषयीं निर्णय झालेला नाहीं. पण दोन्ही शब्द शेजारीं ठेविले कीं कानाला नातें जाणवतें खरें. या टप्प्यांना मर्यादा मात्र हवी. नाहीं तर वाट चुकलेला निरोप जन्मभर चौकीचौकीवरून हिंडत राहील. म्हणून संगणकाच्या प्रत्येक लखोट्यावर एक आंकडा लिहिलेला असतो. तो फार तर २५५ असूं शकतो. प्रत्येक टप्प्यावर त्यांतून एक वजा होतो, आणि शून्य उरलें कीं तो लखोटा तेथेंच टाकून देतात. शिदोरी संपली, प्रवास संपला.

लखोटा हा शब्द आम्हीं बुद्ध्याच योजिला आहे. मोठ्या मजकुराचे लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो स्वतंत्रपणें रवाना करावा, आणि पोंचल्यावर ते क्रमानें जुळवून मूळ मजकूर उभा करावा, ही कल्पना १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनल्ड डेव्हिस या दोघांस निरनिराळी सुचली. त्या तुकड्यास 'पॅकेट' हें नांव डेव्हिस यानें दिलें. मराठींत त्यास पुडकें म्हटलें तर वाण्याचें दुकान डोळ्यांपुढें येतें. लखोटा म्हटलें कीं त्याबरोबर सरनामा आला, आणि खरी गंमत सरनाम्यांत आहे. सर म्हणजे डोकें, नामा म्हणजे लेख. पत्राच्या डोक्यावरचा लेख तो सरनामा. संगणकशास्त्रांत पॅकेटच्या आरंभीं जो पत्त्याचा व क्रमांकाचा भाग असतो त्यास 'हेडर' म्हणतात. फारसींतून आलेला आपला जुना शब्द त्या नव्या शब्दाचें जणूं अक्षरशः भाषांतर होऊन बसला आहे, आणि तें भाषांतर मूळ शब्दाच्या कित्येक शतकें आधींचें आहे!

जुन्या मराठी पत्रांचे पुढारी अभ्यासक मजकुराइतकेंच लक्ष त्याच्या दोन्ही टोंकांकडे देतात. वर मुद्रा असे, ती पत्र कोणाचें हें सांगे. शेंवटीं मोर्तब असे, ती मजकूर येथें संपला हें सांगे. तिच्या खालीं कोणी ओळ घुसडली तर ती परकी हें उघड होई. यासच लेखनसीमा म्हणत. तारेवरून एकामागून एक धांवणाऱ्या शून्य-एकांच्या ओघांत एक लखोटा कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला हें यंत्रास कसें कळावें, हा प्रश्न नव्या शास्त्रापुढें आला तेव्हां त्यासहि लेखनसीमाच आंखावी लागली.

मायन्याचें प्रकरण याहून नाजूक. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, बरोबरीच्यास सप्रेम नमस्कार विनंति विशेष. मायना चुकला तर मजकूर कितीहि चांगला असो, पत्राचा अर्थ बिघडे. दरबारी पत्रांत तर त्यावरून रुसवेफुगवे होत. दोन अपरिचित यंत्रांनीं एकमेकांशीं बोलतांना कोणी आधीं बोलावें, कोणत्या क्रमानें बोलावें, 'समजलें' हें कसें कळवावें, याच्या ठरीव नियमांस 'प्रोटोकॉल' म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक. पपायरसच्या गुंडाळीच्या तोंडाशीं चिकटविलेलें पहिलें पान असा त्याचा अर्थ. तेथून तो राजनीतींत शिष्टाचारवाचक झाला, आणि १९६७ च्या सुमारास डेव्हिसच्या सहकाऱ्यांनीं तो संगणकांच्या संभाषणास लाविला. त्याचें मराठी करण्याचा आमचा आग्रह नाहीं. प्रोटोकॉल हा शब्द आतां मंत्रालयाच्या शिपायापासून सर्वांच्या तोंडीं आहे. तो शिकवितांना मायन्याचा दाखला द्यावा, एवढेंच आमचें म्हणणें.

यंत्रांच्या मायन्याचा याहून चोख दाखला रेल्वेंत सांपडतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १ मे १८५४ रोजीं मार्ग कल्याणापर्यंत आला, आणि १२ मे १८५६ रोजीं अंबरनाथ व बदलापूर मागें टाकून तो घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस भिडला. याच वर्षांत डॉ. ऑशॉनेसी याच्या देखरेखीखालीं तारायंत्राचे खांब देशभर उभे राहत होते. १८५५ च्या फेब्रुवारींत तें खातें लोकांस खुलें झालें. लोखंडी रुळ आणि तांब्या-लोखंडाची तार यांची जोडी पुढें इतकी पक्की जमली कीं, एकीवांचून दुसरीचा निर्वाह होईना. गाडी तारेपेक्षां मंद असते म्हणूनच तारेनें गाडीस सांभाळतां येतें.

दोन स्थानकांमधील रुळांवर एका वेळीं एकच गाडी, हें त्या सांभाळण्याचें मूळ सूत्र. मागचा स्टेशनमास्तर घंटेच्या ठरीव ठोक्यांनीं पुढच्यास विचारतो, वाट मोकळी आहे काय? पुढचा आपल्या यंत्राचा कांटा 'लाइन क्लिअर' वर आणतो. मग गाडी सुटते व तसें कळविलें जातें. कांटा 'गाडी मार्गावर' असें दाखवूं लागतो. गाडी सबंध पोंचली असें पाहिल्याशिवाय कांटा पूर्वस्थितीवर येत नाहीं. विचारणा, होकार, आणि होकार मिळाल्याची पोंच: इंटरनेटवरील दोन यंत्रें संभाषणाच्या आरंभीं याच तीन पावलांनीं हस्तांदोलन करितात. लाइन क्लिअर हे शब्द आमच्या मराठींत लग्नाच्या बोलण्यांपासून निवडणुकीच्या तिकिटापर्यंत कोठेंहि चालतात, यावरून रेल्वेचा हा मायना समाजांत किती खोल उतरला आहे तें कळेल.

कल्याण जंक्शनाचें काम मात्र निराळें. तेथें रुळ दुभंगतात. एक फांटा कसाऱ्याकडे व पुढें नाशिक-भुसावळाकडे, दुसरा कर्जतकडे व पुढें पुण्याकडे. मालगाडीच्या डब्यावर मनमाड लिहिलेलें असो कीं जळगांव, कल्याणास त्या गांवांचा नकाशा ठाऊक असण्याचें कारण नाहीं. कोणत्या फांट्याला लावावयाचें एवढें कळलें कीं त्याचें कर्तव्य संपलें. पुढचें पुढचें जंक्शन पाहील. ज्यास 'राउटर' म्हणतात तें यंत्र हेंच करितें. सगळ्या जगाची वाट कोणासच ठाऊक नाहीं. प्रत्येकास फक्त पुढचा टप्पा ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर पत्र जगाच्या दुसऱ्या टोंकास पोंचतें.

पूर्वींचा ट्रंक कॉल याच्या उलट होता. मुंबईहून नागपुरास बोलावयाचें तर मधल्या सर्व तारा जोडून एक सबंध वाट तुमच्या एकट्यासाठीं अडवून ठेवावी लागे. तुम्ही गप्प बसलां तरी ती दुसऱ्यास मिळत नसे. मध्यें एक सांधा निखळला कीं संभाषण संपलें. बॅरन यास नेमकी हीच भीति होती. शत्रूनें कांहीं ठाणीं उद्ध्वस्त केलीं तरी निरोप दुसऱ्या वाटेनें पोंचला पाहिजे, या विचारांतून त्यानें जाळ्याची आंखणी केली. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. हजारांवर प्रवासी चोहोंकडे पाणी पाहत कित्येक तास गाडींत बसून होते, आणि शेंवटीं नौका आणून त्यांस बाहेर काढावें लागलें. एकाच वाटेवर अवलंबून राहणें म्हणजे काय तें त्या दिवशीं त्या खोऱ्यानें पाहिलें. गाडीस रुळ सोडून दुसरी वाट धरतां येत नाहीं. लखोट्यास ती धरतां येते.

अंबरनाथास उतरल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. तेथील शिवालय शिलाहार राजांच्या वेळचें, आणि त्यांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. हा लेख म्हणजे काळाच्या वाटेनें पाठविलेला निरोपच; पाठविणारा केव्हांच गेला, घेणारे अजून येतच आहेत. पण वाटेंत दगड झिजला. गेल्या शतकाआधींच्या शतकांत हा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला आणि नंतर तो ९८२ असा दुरुस्त झाला. एका अंकाच्या घोटाळ्यानें देऊळ दोनशें वर्षें मागें सरकलें होतें! निरोप पोंचणें निराळें आणि शुद्ध पोंचणें निराळें. आपल्या जुन्या लेखांत तिथीबरोबर वारहि देण्याची रीत आहे. वरवर पाहतां ती पुनरुक्ति. तिथि ठरली कीं वार आपोआप ठरतोच. पण आंकडा पुसट असला तर संशोधक गणित करून पाहतात: अमुक शकांत त्या तिथीस तो वार येतो काय? न आला तर वाचन चुकलें. संगणकाच्या लखोट्याच्या अंगावरहि असाच एक वरवर निरुपयोगी आंकडा असतो. मजकुरावरून गणित करून तो काढलेला असतो. घेणारा तेंच गणित पुनः करितो, आणि उत्तर जुळलें नाहीं तर लखोटा टाकून देतो. मग पोंच न मिळाल्यामुळें पाठविणारा तो पुनः पाठवितो. थोडी पुनरुक्ति ही शुद्धतेची किंमत आहे.

वेगाविषयीं थोडक्यांत. 'बँडविड्थ' म्हणजे वाटेची रुंदी, वेग नव्हे, आणि या दोहोंची गल्लत शिकलेले लोकहि करितात. बदलापूरहून सुटलेली सकाळची लोकल हजारों माणसें एकदम नेते, पण पहिल्या माणसासहि मुंबईस पोंचावयास तास-दीड तास लागतोच. रुंदी भरपूर, विलंबहि भरपूर. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह कांहीं शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें तेव्हां घरगुती दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ९,६०० बिट जात. सध्यांच्या प्रचलित लेखनपद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह चोवीस बिटांचें. 'बदलापूर' या शब्दांत अशीं सात चिन्हें, म्हणजे १६८ बिट. रोमन लिपींत तोच शब्द ६४ बिटांत बसतो. पूर्वीं तारेचे पैसे वांचवावे म्हणून मराठी माणूस आईच्या आजाराची बातमी मोडक्या इंग्रजींत कळवीत असे. आपल्या लिपीचा हा अधिक भार पाहून तें दुःख आठवतें. आतां तारा रुंद झाल्यामुळें तो भार कोणास जाणवत नाहीं, हें आमचें भाग्य.

आतां शेंवटचा शब्द, पत्ता. उल्हासनगरावांचून तो समजणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणाजवळ सैन्याची एक मोठी छावणी वसविण्यांत आली. युद्ध संपलें, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. १९४७ मध्यें देशाची फाळणी झाली, आणि कराचीहून बोटींनीं, आगगाड्यांनीं सिंधी कुटुंबें मुंबई इलाख्यांत येऊं लागलीं. त्यांतील लाखाच्या घरांत माणसें या बराकींत येऊन राहिलीं. एकेका बराकींत अनेक कुटुंबें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून छावणीचें उल्हासनगर झालें.

मराठींत पत्ता या शब्दास दोन अर्थ आहेत. एक ठिकाण, दुसरा मागमूस. 'त्याचा पत्ता काय?' आणि 'त्याचा पत्ता नाहीं' या दोन वाक्यांतील अंतर त्या दोन वर्षांत हजारों माणसांनीं भोगलें. सक्कर, शिकारपूर, हैदराबाद येथील गल्ल्यांचीं नांवें घेऊन आलेल्या माणसास आप्तांनीं पत्र लिहावयाचें तरी कोठें? भाऊ जोधपुरास उतरला, बहीण कल्याणास. दोघेहि जिवंत, पण एकमेकांस पत्ता नाहीं. अशा वेळीं लष्करी थाटाचा तो कोरडा क्रमांकच कामास आला: खोली अमुक, बराक अमुक, सेक्शन अमुक, कॅम्प अमुक. त्यांत ना वाड्याचें नांव, ना पेठेचें, ना कुलदैवताचें. पण त्यावर पत्र पोंचत होतें. ज्यास पत्र पोंचतें तो मनुष्य हरवलेला नाहीं. शिधापत्रिका, शाळेंतील नांव, मतदारयादी हीं सर्व त्या आंकड्याच्या मागोमाग आलीं. आंकड्यांच्या पत्त्यास रुक्ष म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

या पत्त्याची रचना पाहा. कॅम्पांत सेक्शन, सेक्शनांत बराक, बराकींत खोली. मोठ्याच्या पोटांत लहान, त्याच्या पोटांत आणखी लहान. संगणकांचे पत्ते असेच आंखलेले असतात: आंकड्याचा आरंभींचा भाग जाळें दाखवितो, शेंवटचा भाग त्या जाळ्यांतील एक यंत्र. आमच्या देशांत हें तत्त्व घरोघर पोंचविलें तें एका कोंकणस्थ संस्कृत कवीनें. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्याचे वरिष्ठ अधिकारी. हिंदुस्थानांत एकाच नांवाचीं गांवें पुष्कळ, लिप्या अनेक, आणि अक्षर तर विचारूंच नये. यावर तोडगा म्हणून त्यांनीं सहा अंकांची पिनकोड योजना आंखली, ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि उरलेले तीन टपालकचेरी. कलकत्त्याच्या कारकुनानें ४ पाहिला कीं थैली पश्चिमेकडे टाकावी; ४२१ कोठें आहे याची विवंचना पश्चिमेनें करावी. कल्याण जंक्शनाचेंच हें तत्त्व, आंकड्यांत मांडलेलें. छंदःशास्त्र जाणणाऱ्या पुरुषास सहा अंकांचा हा वृत्तबंध सुचावा यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

इंटरनेटचे मूळ पत्ते बत्तीस बिटांचे, म्हणजे सुमारें ४२९ कोटि. एवढे पुरेसे वाटले होते, पण मध्यवर्ती संस्थेजवळचे शेंवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्यें वांटून संपले. एकशें अठ्ठावीस बिटांचे नवे पत्ते त्यापूर्वींच ठरलेले होते; तरी जुन्यांवरच निभावण्याची एक युक्ति लोकांनीं काढली. घरांतील दहा यंत्रांस बाहेरच्या जगासाठीं एकच पत्ता. दाराशीं बसलेलें यंत्र आलेला लखोटा आंत ज्याचा त्यास देतें. चाळींत राहिलेल्या वाचकांस याचें स्पष्टीकरण नको. पाहुण्याच्या पत्रावर यजमानाचें नांव घालून मागें 'द्वारा' लिहिण्याची आपली पद्धति तीच ही. उल्हासनगरच्या बराकींत असे 'द्वारा' किती आले असतील याची गणना कोणी केलेली नाहीं.

त्या बराकी आतां बहुतेक गेल्या, त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. कॅम्पांचे क्रमांक मात्र लोकांच्या बोलण्यांत राहिले. टपालखात्यानेंहि ते पुसले नाहींत. अंबरनाथ ४२१५०१, बदलापूर ४२१५०३, आणि उल्हासनगर १ ते ५ या टपालकचेऱ्यांचे आंकडे ४२१००१ ते ४२१००५. छावणीचा तो क्रमांक पिनकोडाचा शेंवटचा अंक होऊन बसला आहे.